पिडोलसाठी कलिंगडाच्या बिया

टोंडोच्या गल्लीत ट्रायसिकल, म्हणजे साइडकार जोडलेली मोटरसायकल, शिरली आणि बोसन दारातच उभा दिसला. वर बनियन, खाली गुडघे झाकणारी ढगळ हाफ चड्डी. कडकडून भेटलो. मग त्याने चड्डीचा काठ चिमटीत धरून मला दाखवला. "सेकंड, ओळखलंत ना? पुरुंतोंग!"

जहाजावर तो मला हुद्द्यानेच हाक मारायचा. मी सेकंड इंजिनिअर, तो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. माझं घर रत्नागिरीला, त्याचं मनिलाच्या या टोंडोत. पुरुंतोंग हा शब्दही त्यानेच शिकवलेला. 1973 ते 1990 इतकी वर्षं फिलिपिन्सच्या टीव्हीवर 'जॉन एन मार्शा' नावाची मालिका चालली. तिच्यातला गरीब नवरा जॉन पुरुंतोंग, म्हणजे तिथला लाडका विनोदी नट डॉल्फी. तो घालायचा तसल्या चड्डीला तिथे आजही पुरुंतोंग म्हणतात. दुकानात जाऊन त्याच नावाने मागायची. नटाचं याहून मोठं स्मारक मी तरी कुठे पाहिलं नाही.

मालिकेतली श्रीमंत सासू गरीब जावयाला सुनवायची, "काया इकाव, जॉन, मागसुमिकाप का!" म्हणजे, जॉन, जरा कष्ट कर, वर ये. डेकवर गंज खरवडताना एखादा पोरगा सुस्तावला की बोसन हेच वाक्य मारायचा आणि पोरं हसत हातोडी उचलायची.

10 जुलै 2012 ला आम्ही ब्राझीलच्या सांतोस बंदरात सोयाबीन भरत होतो. मकातीच्या हॉस्पिटलात डॉल्फी गेला तेव्हा मनिलात रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते, आमच्याकडे सकाळचे साडेनऊ. दहाच्या चहाला मी मेसमध्ये आलो तर सगळे फिलिपिनो उभेच. कुणी कप उचललेला नाही. कुकच्या मोबाइलवर बायकोचा मेसेज आला होता. वय 83, फुप्फुसाचं जुनं दुखणं, महिनाभर हॉस्पिटल, म्हणजे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी बोसन टोपी काढून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. 2004 च्या डिसेंबरात लक्ष्या गेला तेव्हा आमच्या घरात असंच झालं होतं, त्यामुळे मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या रात्री सगळ्यांनी मिळून डॉल्फीच्याच 'होम अलाँग द रिलेस'ची डीव्हीडी लावली. रुळांलगतच्या झोपडीत राहणारा विधुर बाप केविन कोस्मे आणि त्याची पोरं. गाडी गेली की घर थडथडतं आणि सगळे हातातलं काम टाकून भांडीकुंडी धरतात. आमचं जहाज रोल करायला लागलं की ताटं सावरत पोरं हेच ओरडायची, "रिलेस!" गरिबीवर त्याने आयुष्यभर विनोद केले, पण गरिबाला कधी खाली पाहायला लावलं नाही. त्या मेसमध्ये बसलेल्यांपैकी निम्मे तसल्याच घरांतून आले होते, आणि त्यांना स्वतःचं घर पडद्यावर बघायची लाज वाटत नव्हती.

तेव्हाच बोसनला शब्द दिला होता, की कधी मनिलात मोकळा वेळ मिळाला तर दोघं मिळून डॉल्फीच्या कबरीवर जाऊन येऊ. तो योग गेल्या जुलैत आला.

सकाळी आधी अव्हेनिदाला गेलो. रिसाल अव्हेन्यूला सगळे हेच म्हणतात. डोक्यावरून लोकल धडधडत जाते, खाली अंधारलेला, गजबजलेला रस्ता. डॉल्फीचा जन्म 1928 चा, बोसनच्याच टोंडोतला. लहानपणी तो नाट्यगृहांत शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकायचा, म्हणजे खेळ फुकट बघायला मिळे. जपान्यांच्या अमलात, कोवळ्या वयातच, स्टेजवर नाचायला उभा राहिला. बॉम्बचा भोंगा झाला की नट आणि प्रेक्षक एकत्रच खंदकाकडे पळायचे आणि धोका टळला की परत येऊन खेळ पुढे सुरू. ज्या अव्हेन्यू थिएटरात तो नाचला, ते 2006 मध्ये पाडलं. बोसनने जागा दाखवली आणि काही बोलला नाही. मग कियापोच्या बाजूला चालत जाऊन आम्ही खारवलेल्या बियांची एक पुडी घेतली.

'रिलेस'मधले रूळही बघितले. 2024 च्या मार्चपासून मनिलातली ती जुनी गाडी बंद आहे, नव्या उन्नत रेल्वेचं काम चालू आहे. बोसनला तिथे जास्त थांबवेना.

डॉल्फीला पुरलंय त्या तागिगच्या हेरिटेज पार्क दफनभूमीला पोचायला ट्रॅफिकमुळे दुपार झाली. वाटेत मी विचारलं, "तुम्ही त्याला पिडोल का म्हणता?" बोसन म्हणाला, "डॉल्फी उलटं करून बघा." आपण शाळेत 'च'ची भाषा बोलायचो, तसा तिथे शब्द उलटवायचा खेळ आहे. फि-डॉल, पिडोल. घरच्या माणसाचंच नाव असं कुणी उलटं करतं.

बोसनची एक सल मात्र अजून तशीच आहे. 2010 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी डॉल्फीला गोल्डन हार्टचा किताब दिला, मरणानंतर 13 जुलै हा राष्ट्रीय स्मरणदिन जाहीर केला, पण 'राष्ट्रीय कलावंत' हा मान जिवंतपणी दिला नाही. 2000 च्या 'मार्कोवा'मध्ये त्याने जपान्यांच्या अत्याचारातून गेलेल्या वृद्ध समलिंगी माणसाचं काम केलं होतं. ते बघितल्यावर बोसनचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

कबरीपाशी पोचलो आणि पाऊस आला, आपल्याकडे आषाढात येतो तसा, तिरका. बोसनने मेणबत्ती लावली, ती विझली. दुसऱ्यांदा लावली आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा करून तो उकिडवा बसला. ते हात मी ओळखतो, रंग खरवडून खरवडून नखं काळी पडलेले. मी छत्री धरली. ज्योत स्थिरावल्यावर त्याने क्रूसाची खूण केली, मी वाकून नमस्कार केला. मग अगदी हळू आवाजात, सासूच्या ठसक्यात नव्हे, तो म्हणाला, "मागसुमिकाप का, जॉन."

पुडी फोडून त्याने चिमूटभर बिया ओल्या गवतावर ठेवल्या आणि उरलेल्या माझ्या हातात ओतल्या. पाऊस उघडेपर्यंत आम्ही एका छत्रीखाली बसून त्या दातांनी फोडत राहिलो.