डावीकडे प्लॅन, उजवीकडे थ्रीडी

टेबलावर दुसरा मॉनिटर आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "दोन-दोन टीव्ही कशाला गं?" इंटिरिअरचं काम करणाऱ्या कुणालाही याचं उत्तर देता येईल: एकावर प्लॅन, म्हणजे खोलीचा वरून दिसणारा नकाशा, उघडा ठेवून दुसऱ्यावरच्या थ्रीडी चित्रावर नजर ठेवायला.

१० बाय ११ची बेडरूम घ्या. टूबीएचकेत बहुधा अशीच असते. ११ फुटांच्या बाजूने साडेसहा फुटी बेड टाकला आणि समोर दोन फूट खोलीचा वॉर्डरोब उभा केला, की मधे अडीच फूट उरतात. वॉर्डरोबचं दार दीड फुटाचं. ते उघडलं की आपण एका फुटात उभे. प्लॅनमध्ये हे लपत नाही, दार उघडतानाची कमान बेडच्या पायथ्यापासून जेमतेम फुटावर आलेली दिसते. थ्रीडीत मात्र तीच खोली ऐसपैस. स्केचअप या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा कोन मुळात ३५ अंशांचा असतो. तो साठ-सत्तरवर न्यायचा, एक भिंत लपवायची, कॅमेरा मागे सरकवायचा, की खोलीला हॉटेलची कळा येते. ते चित्र जिथून घेतलंय, तिथे प्रत्यक्षात शेजाऱ्यांचं बाथरूम असतं, ही गोष्ट वेगळी.

एकच स्क्रीन असला की प्लॅन दाखवून झाला, थ्रीडी उघडलं आणि प्लॅन गेला. मग क्लायंटच्या डोळ्यांसमोर फक्त मऊ उजेड आणि उशा. दोन्ही शेजारी उघडे असले तर निदान बोट ठेवून सांगता तरी येतं, "हा एक फूट बघा."

ड्रॉइंग बोर्डाच्या काळात ही अडचण नव्हती. खाली प्लॅन, त्याच्या बरोबर वर एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, आणि सेटस्क्वेअर लावून खिडकीच्या कडा खालून वर न्यायच्या. दोन्ही एकाच कागदावर, एकमेकांना बांधलेले. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या काळातही काही ऑफिसांत दोन स्क्रीन असत, एकावर चित्र आणि दुसऱ्यावर टाइप केलेल्या कमांड. विंडोजची गंमत तर आणखीच. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या विंडो एकमेकींवर चढतच नसत, शेजारी शेजारी मांडाव्या लागत. १९८७ला त्या एकमेकींवर चढायची सोय झाली, आणि तेव्हापासून आपण खालची विंडो शोधतोय. म्हणजे पैसे मोजून मी १९८५ विकत घेतलं म्हणायचं!

स्वीट होम थ्रीडी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन वर आणि थ्रीडी खाली, दोन्ही सोबतच दिसतात. थ्रीडीचा भाग सुटा करून दुसऱ्या मॉनिटरवर नेता येतो. इकडे कपाट ओढलं की तिकडेही सरकतं. स्वतःच्या घरापुरतं काही करून बघायचं असेल तर यापेक्षा जास्त कशाचीही गरज नाही, असं माझं मत. ऑटोकॅडने ड्रॉइंगची विंडो मुख्य चौकटीबाहेर काढायची सोय २०२२च्या आवृत्तीत दिली. एवढी वर्षं काय अडलं होतं, देव जाणे.

दोन मॉनिटरांचे नखरेही असतात. दोघांची उंची सेटिंगमध्ये जुळवली नाही तर माउसचा बाण सीमेवर अडतो आणि आपण तो भिंतीवर आपटत बसतो. दुसरा मॉनिटर काढून लॅपटॉप साइटवर नेला, तर एखादी विंडो नसलेल्या स्क्रीनवरच उघडून बसते. तेव्हा ती विंडो निवडून, विंडोजची की दाबून बाजूचा बाण दाबायचा, ती परत येते. रंगांचं तर बोलायलाच नको. एकच सनमायका डावीकडे हस्तिदंती, उजवीकडे पिवळट. म्हणून मी खऱ्या नमुन्यांचं शेडकार्ड हातात दिल्याशिवाय कुणाचा होकार धरत नाही.

कुणाची नजर कुठे जाते, हे मात्र दोन स्क्रीनमुळे लगेच कळतं. मिस्त्री आले की खुर्ची ओढून थेट प्लॅनपुढे बसतात, थ्रीडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मागे एका जोडप्याला बेडला गादीचा हेडबोर्ड हवा होता. मिस्त्रींनी डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, याचे चार इंच कुठून काढायचे?"

"वॉर्डरोबला स्लायडिंग दारं करूया," मी म्हटलं.

"करू ना. दार उघडायला जागा नको, पण ट्रॅकसाठी वॉर्डरोबच तीन-चार इंच खोल जाणार."

आम्ही दोघं प्लॅनवर वाकून एकेक इंच मोजत होतो. नवराबायको उजवीकडे बघत होते. नवरा म्हणाला, "बाकी सगळं छानच आहे हो. फक्त ते पडदे जरा फिके करता येतील का?"