पाणथळ जागेवरचा मुक्काम आणि लॅपटॉपला न दिसणारा कार्ड रीडर

पक्ष्यांचे फोटो मनासारखे मिळाले. पहाटे धुक्यात दबा धरून बसायचं, उजाडलं की ऊन चढेपर्यंत शटर चालू. पहिल्याच दिवशी ६४ जीबीचं कार्ड जवळजवळ भरलं. बेत असा ठरला होता की रोज संध्याकाळी फोटो लॅपटॉपवर उतरवायचे, तिथून हार्ड डिस्कवर दुसरी प्रत काढायची आणि मगच कार्ड रिकामं करायचं. लॅपटॉप बरोबरच्या मित्राचा, कार्ड रीडर माझा. मुक्कामावर पोचून रीडर जोडला, तर लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. आवाज नाही, दिवा नाही, ड्राइव्ह नाही.

अशा वेळी संशय सगळ्यात आधी कार्डावर जातो आणि ‘फॉरमॅट करून बघ’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात मानू नका. कार्ड परत कॅमेऱ्यात घाला आणि आजचे फोटो मोठे करून बघा. उघडले, तर बिघाड बहुधा कार्डाच्या बाहेर कुठेतरी आहे. आमचे उघडले. तिथून पुढचं सगळं शांतपणे करता आलं, कारण फोटो शाबूत होते आणि कार्डावर नवं काही लिहिलं जात नाही तोवर ते तसेच राहणार होते. एसडी कार्डाच्या कडेला असलेली लॉकची पट्टी त्यासाठीच खाली सरकवून ठेवावी. वाचायला तिची आडकाठी होत नाही, पण चुकून काही लिहिलं जाणं बहुतेक रीडर त्यामुळे अडवतात.

मग पोर्टकडे वळलो. लॅपटॉपला मोजकीच पोर्ट, म्हणून माउस, हार्ड डिस्क आणि रीडर असे तिन्ही एका हबवर होते, आणि त्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. यूएसबी २.० चं पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. त्यातला मोठा वाटा फिरणारी हार्ड डिस्कच खाते. सगळं काढून रीडर एकटा थेट लॅपटॉपला लावला, तसा त्याचा दिवा लागला आणि लॅपटॉपनेही आवाज दिला. तुमच्याकडे तरीही शुकशुकाट असेल, तर दुसरं पोर्ट बघा आणि केबल बदला. टाइप-सीच्या काही केबलींमधून नुसतं चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे डेटा जाणाऱ्या केबलला घरीच रंगीत चिकटपट्टी लावलेली बरी.

दिवा लागला, तरी ड्राइव्ह मात्र दिसेना. इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात: संगणकाला रीडर दिसतोय का, आणि रीडरला कार्ड दिसतंय का? पहिल्याचं उत्तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, मिळतं. रीडर काढा, परत लावा आणि यादी हलते का बघा. हलली, तर रीडर पोचला. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं, तर त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा, रीडर काढून परत लावा. विंडोज ती नोंद नव्याने करतं. (रीडरमध्ये कार्डच नसेल, तर रिकामा ड्राइव्ह विंडोज सहसा लपवून ठेवतं. तो बिघाड नव्हे.)

दुसऱ्याचं उत्तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की तो पर्याय समोर येतो. आमचं कार्ड तिथे अगदी व्यवस्थित दिसत होतं, आकारही बरोबर, फक्त त्याला ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) मिळालेलं नव्हतं. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ मधून मोकळं अक्षर दिलं आणि फोल्डर समोर उघडलं. हे करताना दुसऱ्याला शेजारी बसवा, कारण त्याच मेन्यूत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ही असतात आणि दिवसभर थकलेला हात घसरायला वेळ लागत नाही. कार्डापुढे ‘रॉ’ असं लिहून आलं (म्हणजे कार्डावरची मांडणी विंडोजला ओळखता आली नाही; रॉ फोटोंशी याचा संबंध नाही) किंवा विंडोजने ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ म्हटलं, तर नकार द्या आणि कार्ड बाजूला काढा. फोटो परत मिळवून देणारा फोटोरेकसारखा मोफत प्रोग्राम घरी निवांतपणे चालवता येतो.

आमचं काम झालेलं पाहून दुसऱ्या एका सोबत्याने त्याचा जुना रीडर पुढे केला. त्यात १६ जीबीचं कार्ड चालायचं, ६४ चं चालत नव्हतं. हे कोडं फार जणांना पडतं आणि उत्तर सरळ आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारातली, त्यावरची एसडीएक्ससी. हा दुसरा प्रकार २००९ मध्ये आला आणि त्यावर एक्सफॅट ही फाइल पद्धत (फाइली मांडून ठेवण्याची रीत) असते. त्याआधीच्या रीडरला हे कार्ड खाचेत बसतं, पण वाचता येईलच असं नाही. नव्या रीडरमध्ये जुनी कार्डं मात्र चालतात. एक्सक्यूडी आणि सीएफएक्सप्रेस टाइप-बी या कार्डांच्या दुसऱ्या दोन प्रकारांतही असाच घोटाळा होतो: आकार सारखा, पण फक्त एक्सक्यूडीसाठी बनवलेला रीडर सीएफएक्सप्रेस वाचत नाही.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एवढंच: ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलची स्वतःची चिप असलेल्या, लॅपटॉपवर मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून नवं उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते. ती खिडकी नजरेतून सुटली की रीडर मेल्यासारखा वाटतो. विंडोजच्या लॅपटॉपमध्येच बसवलेला रीडर बंद पडला असेल, तर त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यावा. मुक्कामावर नेटवर्क नसतं, म्हणून तो निघण्याआधीच उतरवून ठेवा.

धुक्याच्या ठिकाणी आणखी एक काळजी. थंडीतून उबदार खोलीत आलं की धातूवर दव धरतं. कॅमेरा आणि कार्डं बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. संपर्कपट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात, खरवडू नयेत. जुन्या सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाच्या रीडरमध्ये बारीक पिना असतात. कार्ड अडलं तर जोर न लावता टॉर्च मारून एखादी वाकली आहे का ते पाहावं.

रीडरने हातच टेकले, तर कॅमेराच केबलने लॅपटॉपला जोडा. बॅटरी भरलेली हवी, कारण मध्येच कॅमेरा बंद पडला तर प्रत अर्धवट राहते. अनेक कॅमेरे अशा वेळी ड्राइव्हचं अक्षर घेत नाहीत, ‘धिस पीसी’ मध्ये उपकरण म्हणून दिसतात. वेग कमी असला तरी रात्रभराचा वेळ हाताशी असतो.

फोटो उतरवताना ‘कट’ नको, ‘कॉपी’च करा. झाल्यावर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो लॅपटॉपवर उघडून बघा. नुसता आकडा जुळला म्हणजे काम झालं असं समजू नका. रीडर ‘इजेक्ट’ करूनच काढा. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर गेल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

निघण्यापूर्वी जो लॅपटॉप, जो रीडर आणि जी कार्डं नेणार आहात, ती सगळी एकमेकांना लावून घरीच बघा. प्रत्येक वस्तू वेगवेगळी चालते एवढ्यावर थांबू नका. दुसरा रीडर दुसऱ्या प्रकारच्या प्लगचा घ्या, म्हणजे लॅपटॉपचं एक पोर्ट गेलं तरी अडत नाही आणि टाइप-सीचा असेल तर बऱ्याच फोनलाही लागतो. आणि हे सगळं फसलं तरी पहाटे बाहेर पडता यावं, म्हणून किमान एक रिकामं कार्ड हाताशी ठेवा.