वठलेलं खोड

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसात. वारणेच्या पाणलोटातल्या आमच्या बीटात, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मी आणि वनमजूर तात्या गस्तीवर होतो. गस्त म्हटलं की लोकांना वाघ आठवतो. खरं तर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गव्याचं शेण, अस्वलाचे ओरखडे, पाणवठ्यातलं पाणी नोंदवत आठ-दहा किलोमीटर चालायचं असतं, आणि नजर सगळा वेळ जमिनीवर.

तात्या एकदम थांबले. "म्याडम, हलू नगा. त्यो बघा, पाठ करून बसलाय."

मला काही दिसेना. अंजनीच्या फांदीवर तपकिरी काहीतरी होतं, वाळक्या पानाच्या रंगाचं. मग त्याची मान हळूच वळली आणि डोळ्याभोवतीचं निळं कडं दिसलं. नर कर्णा!

काळं डोकं, काळी छाती, तिच्याखाली पांढरी पट्टी आणि पुढे सगळं पोट कुंकवासारखं लाल. पण माणसाची चाहूल लागली की हा पक्षी नेमकी पाठ फिरवतो, लांब शेपूट सरळ खाली सोडतो आणि पुतळ्यासारखा बसून राहतो. फोटो बघून आलेले हौशी लोक झाडांत लाल रंग शोधतात, म्हणून त्यांना तो सापडत नाही. कर्णा शोधायचा तो कानांनी. क्यू-क्यू-क्यू असा घोगरा, दबका आवाज येतो. नऊ वर्षांच्या नोकरीत तो मला त्याआधी चारदाच दिसला होता आणि चारही वेळा आधी आवाज आला होता. हा मात्र गप्प होता आणि जागाही सोडत नव्हता.

आम्ही मागे सरून कारवीआड बसलो. वीसेक मिनिटांनी समोरच्या एका वठलेल्या खोडातून मादी बाहेर पडली. तिच्या अंगावर ना काळा रंग ना लाल, पोट मातकट पिवळसर. नराशेजारी बसली नसेल तर पुष्कळ जण तिला भलताच पक्षी समजतात. ती गेली आणि मिनिटभरात नर आत शिरला. म्हणजे इतका वेळ तो पाळी बदलायला थांबला होता आणि आम्ही त्याच्या वाटेत उभे होतो. रात्रभर अंड्यांवर मादी बसते, दिवसाचे काही तास नर. हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

नर आत असेपर्यंत आम्ही जवळ गेलो नाही, दुर्बिणीतूनच पाहिलं. खोड माझ्या छातीएवढं उंच, साल गळलेली, लाकूड भाकरीच्या चुऱ्यासारखं भुसभुशीत झालेलं. सुतार पक्ष्याचं बीळ कसं गोल, कडा साफ असतात. इथे कडा फाटलेल्या होत्या. चोचीनं कुजकं लाकूड चावून चावून महिनाभर हे घर कोरतात. बुंध्याशी फिकट भुगा पडला होता.

तो भुगा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला.

फेब्रुवारीत आम्ही जाळरेषा काढल्या, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळे पट्टे केले. रेषेवरचं गवत कापून जाळतो, तशी रेषेलगतची वठलेली खोडंही पाडतो. त्याला सबळ कारण आहे. असं खोड आतल्या आत धुमसत राहतं आणि वाऱ्यानं त्याच्या ठिणग्या रेषा ओलांडून पलीकडे पडतात. रात्रभर विझवलेला वणवा एका खोडानं सकाळी पुन्हा पेटवलेला मी पाहिला आहे. त्या तुकड्यात माझ्या सांगण्यावरून चौदा खोडं पाडली. त्यातल्या एकाच्या बुंध्याशी असाच भुगा होता. "काय तरी पोखारतंय वं," तात्या म्हणाले होते. मी म्हणाले, तांबट असेल, दुसरीकडे कोरेल. पाडा.

वरिष्ठांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पाखरांसाठी आता जाळरेषा सोडायच्या का?" प्रश्न खोटा नाही, पण मी तो विचारलाच नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं की पाडायच्या आधी प्रत्येक खोडाभोवती कुणीतरी एक फेरी मारावी. आमच्या नमुन्यात किती मीटर रेषा झाली याला रकाना आहे, किती खोडं पाडली याला नाही. मोजायचं नसलं की बघायचंही राहून जातं, आणि त्यात मीही आले.

मेच्या अखेरीस, वळवाचे दोन पाऊस झाल्यावर, घरटं रिकामं झालं. पिल्लं उडताना आम्हाला दिसली नाहीत. पण दोनच दिवसांनी वरच्या झाडीत भृंगराज आणि निखार पक्ष्यांच्या थव्यामागे नर-मादी दिसले आणि त्यांच्यामागे आखूड शेपटीचं एक पिल्लू. तात्यांनी टोपी काढून हातात धरली. मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत.

परतताना मी कारवीची काडी मोडून रिकाम्या घरट्याच्या तोंडाला लावली आणि नखानं खूण केली. मग जाळरेषेवर गेलो. फेब्रुवारीतलं ते खोड अजून तिथेच आडवं पडलं होतं, वाळवी लागलेलं. तात्यांनी ते उलटं केलं. वरच्या टोकाजवळ अर्धवट कोरलेला खड्डा होता, कडा तशाच फाटलेल्या. मी त्याला काडी लावली.

खूण जुळली.

"पुढल्या साली जाळरेषेला मी पुढं चालतो," तात्या म्हणाले. "कोयता माझ्यामागनं येऊ द्या."