आमची वाटचाल : कॅसेट लायब्ररी ते पेनड्राईव्ह

1986 साली डोंबिवली पूर्वेला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही व्हिडिओ लायब्ररी टाकली. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ, त्याचे पैसे आणि माझी अक्कल असं तो म्हणायचा, मी म्हणायचो दोन्ही माझंच. 82 च्या एशियाडनंतर कलर टीव्ही घरात यायला लागले होते पण व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, कोणाकडे, तर ज्याचा जावई गल्फला त्याच्याकडे. त्यामुळे आमचा खरा धंदा शनिवार रात्रीचा. व्हीसीआर, टीव्ही आणि तीन पिक्चर. टीव्ही रिक्षात मांडीवर घेऊन जायचा, वायरी जोडून द्यायच्या, आणि सकाळी सात वाजता झोपलेल्या लोकांना उठवून परत आणायचा. अख्खी चाळ बघायची एका भाड्यात, त्याचं कधी काही वाटलं नाही. चाळ पिक्चर बघून झोपायची, पुढे वायर नाही टाकायची.

वायर टाकली आमच्याच एका मेंबरने. नाव घेत नाही, एरियातल्या जुन्या लोकांना कळेलच. हा माणूस रोज दोन कॅसेट न्यायचा, दहा रुपये रेट, डिपॉझिट वेळेवर, मी खूष की काय गिऱ्हाईक आहे. मग लक्षात आलं की माझीच कॅसेट दुपारी दीड वाजता दीडशे घरात लागतेय! त्याने गच्चीवरून केबल ओढली होती आणि माझ्या दहा रुपयाच्या कॅसेटवर महिना वर्गणी घेत होता. विचारलं तर म्हणे भाडं दिलंय ना. 91 ला गल्फ वॉर झालं, लोक सीएनएनसाठी डिशवाला शोधायला लागले, 92 च्या ऑक्टोबरात झी आलं, आणि याचं फावलं. सगळे म्हणतात सॅटेलाईटने लायब्रऱ्या मारल्या, मारल्या असतील, पण माझी मारायला सुरुवात माझ्याच कॅसेटने झाली हे कोणी सांगत नाही.

त्या दोन वर्षात चारशे मेंबरचे साठ झाले. मावसभाऊ दोन व्हीसीआर आणि आपला हिस्सा घेऊन गेला, भांडण नाही पण दिवाळीला येणं बंद झालं. पतपेढीचे हप्ते थकले. पिग्मीवाला रोज यायचा, मी रोज त्याला चहा पाजून परत पाठवायचो.

तेव्हा एकच गिऱ्हाईक चुकलं नाही, रेल्वेतून रिटायर झालेले एक काका. शनिवारी पाच वाजता, कापडी पिशवीत कॅसेट, पूर्ण रिवाइंड केलेली. (रिवाइंड न करता देणाऱ्यांना मी दोन रुपये लावायचो, काकांना कधी लावावे लागले नाहीत.) एकच मराठी नाटकाची कॅसेट त्यांनी त्या वर्षी सात आठ वेळा नेली असेल. म्हटलं काका पाठ झालं असेल आता, तर म्हणाले दुसरा अंक चांगला जमलाय रे. खूप नंतर काकूंकडून कळलं की घरी केबल केव्हाच घेतली होती आणि व्हीसीपी (फक्त कॅसेट बघायचं मशीन) चार महिने बंदच पडला होता.

पुढे व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या, चाललं ठीक, मुलाचं इंजिनिअरिंग त्यावरच झालं. मग डीटीएच आलं आणि केबलवाल्याचीपण गिऱ्हाईकं गळायला लागली, मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. 2016 ला जिओ आल्यावर तर डीव्हीडी कोणी फुकट पण नेईना, तेव्हा भाड्याचा धंदा बंद केला.

आता गाळा तोच आहे, काम लग्नाच्या जुन्या व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेट पेनड्राईव्हवर करून देण्याचं. लोक कॅसेट आणतात ती माळ्यावरून, पावसाळे खाल्लेली. कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसली की बुरशी. ती मशीनमध्ये घालायची नाही म्हणजे नाही, हेड (मशीनमधला टेप वाचणारा भाग) जातो आणि पुढची कॅसेटपण खराब होते. खालचे पाच स्क्रू काढायचे, रीळ बाहेर, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) हळूहळू पुसून दुसऱ्या बॉडीत बसवायचं, तोंडाला मास्क लावून. हेड पुसताना शामी लेदर (मऊ कातडं) आडवं धरायचं, वर खाली घासलंत तर हेड तुटला समजा. आणि कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या नको.

2016 च्या जुलैत जपानच्या फुनाईने पण व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे नवीन मशीन विसराच. माझ्याकडे चार आहेत, दोन चालतात, दोन त्यांना पार्ट द्यायला ठेवलेत. कोणाकडे पडलेला असेल तर फेकू नका, बंद असला तरी चालेल, भंगारवाल्यापेक्षा शंभर रुपये जास्त देईन. फक्त रिमोट असेल तर शोधून आणा.