तुम्ही विचारलंत म्हणून: हँडल उंच करू का?

जुनी क्लासिक मोटरसायकल बाळगणारी माणसं मला हे हमखास विचारतात. गाडी जीव की प्राण असते, पण तासाभरात मनगटं भरून येतात, मान अवघडते. उंच हँडल बसवावं का? आणि बसवलं तर गाडीचं मूळ रूप जाईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. रूप जात नाही. ट्रायम्फ बोनव्हिल १९५९ साली आली आणि पुढे वर्षानुवर्षं कारखान्यातूनच दोन तऱ्हांनी निघाली: अमेरिकेला जाणाऱ्या गाडीचं हँडल उंच आणि रुंद, ब्रिटनमधल्या गाडीचं बुटकं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर गाड्यांनाही (इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेल्या) दोन्ही प्रकारची हँडलं मिळत. त्यामुळे ‘मूळ हँडल’ म्हणून हुज्जत घालणाऱ्याला ‘कुठल्या बाजारपेठेतलं मूळ?’ एवढं विचारलं की पुरतं.

आता दुखण्याकडे. पाना हातात घेण्याआधी कुठली बोटं बधिर होतात ते बघा. करंगळी आणि अनामिका असतील, तर तळहाताच्या त्या कडेवर अंगाचा भार पडत असण्याची शक्यता जास्त. तिथे हँडल वर आल्याने फरक पडतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल, तर बहुधा मनगट वाकडं राहतंय. मग आधी क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प सैल करून लिव्हर अशा फिरवा की बोटं त्यांवर ठेवल्यावर हाताची आणि मनगटाची रेषा सरळ राहील. याला पैसा लागत नाही, आणि काहींचं काम इथेच भागतं. गाडीवरून उतरून बराच वेळ झाला तरी मुंग्या जात नसतील, तर मेकॅनिक सोडून डॉक्टर गाठा.

किती उंच? लोक उंचीच मोजतात. हँडलची टोकं मागे किती येतात हे कुणी बघत नाही. माझ्या मते आराम त्यातच जास्त आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, नेहमीसारखे बसा, खांदे सैल सोडा, डोळे मिटून हात पुढे करा. मुठी जिथे थांबतील तिथपासून आत्ताच्या मुठीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, वरचं वेगळं आणि मागचं वेगळं. बहुतेकांना दोन-तीन इंच पुरतात.

त्याहून वर गेलात तर मनगटावरचा भार माकडहाडावर जातो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट कण्याला कळतो. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. छाती ताठ असली की तो सगळा अंगावर येतो आणि तुम्ही हँडलला लोंबकळू लागता. फुटरेस्ट मागे सरकवलेले असतील तर विचार आणखी सावकाश करा: पाय शर्यतीचे आणि धड खुर्चीतलं, अशा बैठकीत कंबर मोडते.

हँडल विकत घेताना नळीची जाडी तपासा. बहुतेक जुन्या ब्रिटिश आणि जपानी गाड्यांना २२ मिलिमीटरची लागते, हार्लेला २५.४. क्लॅम्पात पत्र्याची पट्टी घालून जमवाजमव करू नका.

खरं काम मात्र केबलचं. हँडल वर आणि मागे गेलं की क्लच, अॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबल तोकड्या पडतात. उभ्या गाडीत, हँडल सरळ असताना, सगळं छान वाटतं. म्हणून इंजिन आयडलवर ठेवा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आवाज जराही चढला, तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. गर्दीत पूर्ण हँडल वळवून गाडी काढताना ती आपणहून पुढे उसळेल, आणि हे गमतीचं नाही. तसंच वळवून क्लचच्या लिव्हरला थोडी ढिलाई उरते का बघा. डिस्क ब्रेक असेल तर होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, ताणलेला नको आणि ऑइलची डबी समतल हवी. नवीन हँडलच्या उतारावर ती तिरकी बसते. स्विचच्या वायरी हेडलाइटच्या डब्यातून थोड्या पुढे ओढता येतात का पाहा. पूर्ण वळवल्यावर मूठ टाकीला किंवा गुडघ्याला लागत नाही ना, हेही तेव्हाच कळतं. एखाद्या मॉडेलची उंच हँडलवाली आवृत्ती निघाली असेल, तर तिच्याच केबलचा संच मागवणं सगळ्यात सोयीचं.

शेवटी क्लॅम्पचे बोल्ट एकेक पुरता न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. वजन मागे सरकल्यामुळे पुढचं चाक किंचित हलकं लागेल. गाडी वेगात डुलायला लागली, तर नव्या हँडलला दोष देण्याआधी स्टिअरिंगचे बेअरिंग बघा. लांब हँडलने तिथली जुनी ढिलाई जास्त जाणवते. जुनं हँडल आणि त्याच्या केबल चिठ्ठी लावून ठेवून द्या. गाडी विकायची वेळ आली तर घेणारा त्या मागणारच.