आमची वाटचाल : वाइंडिंगच्या तारेपासून एलईडीच्या पट्टीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार काढायची, तिचं गेज म्हणजे जाडी मोजायची, त्याच गेजची नवी तार भरायची. एक नंबर बारीक तार भरली तर आज पैसे वाचतात आणि पुढच्या हंगामात मोटर परत दारात येते, हे मी शाळकरी वयापासून ऐकत आलो. आता आमचं मुख्य काम एलईडी स्ट्रिप बसवायचं आहे, पण हिशोब तोच राहिला : किती अँपिअर, किती लांब, किती जाडीचं तांबं.

या कामात आम्हाला ओढलं ते गुजरीतल्या सराफांनी. पूर्वी शोकेसमध्ये हॅलोजन असायचे. काच तापायची, काउंटरमागच्या माणसाला घाम फुटायचा. मग पट्टी आली. सोन्यासाठी 3000 केल्विनचा उबदार उजेड, चांदीला 6000च्या आसपासचा पांढराशुभ्र. हुपरीच्या पैंजणांवर तो पडला की नक्षीचा एकेक दाणा उठून दिसतो. दुकानं झगमगली खरी, पण थोड्याच दिवसांत सगळीकडून एकच तक्रार येऊ लागली. काउंटरच्या एका टोकाला लख्ख उजेड आणि दुसऱ्या टोकाला मरगळलेला. शेठ म्हणायचे, पट्टी डुप्लिकेट दिसते, बदलून टाका. आम्ही मल्टिमीटर घेऊन बघायला गेलो, तर बहुतेक ठिकाणी पट्टीत काहीच खोट नव्हती.

नेमकं काय होतं ते सांगतो, कारण आमचा धंदा यावरच उभा राहिला. 12 व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन दाण्यांचा, म्हणजे एलईडींचा, एक गट असतो. तीन दाणे मिळून नऊएक व्होल्ट घेतात, उरलेले तीन रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या भागावर, पडतात. पट्टीवर कात्रीची खूण प्रत्येक गटानंतर असते ती त्यामुळेच. मधे कापली तर तेवढा गट गेला. आता टोकाला 12ऐवजी 10 व्होल्टच पोचले, तर रेझिस्टरच्या वाट्याला एकच व्होल्ट उरतो आणि करंट निम्म्याहून खाली येतो. म्हणजे व्होल्टेज थोडं घटतं, उजेड मात्र फार घटतो.

मीटरला 120 दाण्यांची, 9.6 वॅटची पट्टी घ्या. पाच मीटरचा एक रोल म्हणजे 48 वॅट, 12 व्होल्टवर 4 अँपिअर. दोन रोल एकापुढे एक जोडले की पहिल्या रोलच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून 8 अँपिअर जायला लागतात. त्यात सप्लाय, म्हणजे 230ची वीज 12 व्होल्टवर आणणारा डबा (एसएमपीएस), दहा मीटर दूर आणि वायर 1 चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांब्यातच पावणेतीन व्होल्ट खर्ची पडतात. पट्टीला मिळणार काय? आम्ही तिथे प्रत्येक रोलला सप्लायपासून स्वतंत्र वायर दिली, वायर अडीचची केली, लांब काउंटरना दोन्ही टोकांनी पुरवठा दिला. तीच पट्टी, तेच दुकान, आणि उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. गुजरीत नाव झालं ते तिथून. पुढे लांब कामांना आम्ही सरळ 24 व्होल्टवर गेलो. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, त्यामुळे तारेत खर्ची पडणारे व्होल्टही निम्मे.

काहीजण यावर सोपा उपाय करतात. एसएमपीएसवर टर्मिनलशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज वाढवतात. लांबचं टोक जरा उजळतं, पण सप्लायजवळच्या दाण्यांवर मार बसतो आणि तेच आधी काळे पडतात. आमच्या पोरांना त्या स्क्रूला हात लावायला बंदी आहे.

सप्लायवर छापलेल्या आकड्यावर वडिलांनी कधी विसंबू दिलं नाही. वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात त्यांनी गाडीच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट, 55 वॅटचे दोन हॅलोजन बल्ब पत्र्यावर बसवले. दोन्ही मिळून सव्वानऊ अँपिअरच्या आसपास ओढतात. 10 अँपिअरचा म्हणून आलेला प्रत्येक सप्लाय या बल्बांवर तासभर चालतो, आम्ही व्होल्टेज आणि बॉडीचं तापमान बघतो. व्होल्टेज बसलं, वास आला, तर माल परत. तपासून पास झालेल्या सप्लायवरही 80 टक्क्यांच्या वर लोड टाकत नाही. म्हणजे वर सांगितलेले दोन रोल 120 वॅटच्या सप्लायवर, तिसरा नाही. काही सप्लायना बाजूला 110/220चं बटण असतं. ते 110वर राहिलं आणि आपली 230 दिली की धडाम. म्हणून लाइन देण्याआधी बटण बघायचं, अर्थिंग जोडायचं, मगच प्लग.

ऑगस्ट 2019च्या महापुरात पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत शिरलं. काउंटरखाली, फरशीलगत बसवलेले सप्लाय चिखलात गेले. ओसरल्यावर आम्ही दुकानं उघडून देत फिरलो. गिऱ्हाइकांची अवस्था अशी होती की बिलाचा विषय काढवेना. तेव्हापासून नदीकडच्या भागात सप्लाय डोक्याच्या वर, जाळीच्या खिडकीआड. 2021ला पाणी परत आलं, तेव्हा त्या जागचे सप्लाय कोरडे राहिले.

सप्लाय पीओपीत गाडून टाकू नये, यावर इंटेरियरवाल्यांशी आमची अजूनही वादावादी होते. दिसायला नको, म्हणतात. बंद खोक्यात हवा नसली की आतले कपॅसिटर लवकर वाळतात, आणि बदलायला छत फोडावं लागतं. हात जाईल एवढी खिडकी मिळणार नसेल तर आम्ही काम घेत नाही. यात काही मोठी कामं गेली, जाऊ देत.

गणपतीत राजारामपुरीच्या मंडळांची घाई असते. भाद्रपदातला पाऊस, ओला मांडव, कमानीला लगटून लहान पोरं. 230 व्होल्टवर थेट चालणारी पट्टी स्वस्त आणि जोडायला झटपट, तरी हाताच्या टप्प्यात आम्ही ती लावत नाही. तिथे सिलिकॉन चढवलेली 24 व्होल्टचीच, आणि सप्लाय मांडवामागे छपराखाली उंचावर.

क्लिप कनेक्टर आम्ही घेतच नाही. काही महिन्यांत ते ढिले पडून पट्टी लुकलुकायला लागते. सगळे सांधे सोल्डरचे. टेबलावर बसणाऱ्या दोघी ताई पॅडवर आधी टिन चढवतात, मग वायर ठेवून क्षणभर सोल्डरिंग आयर्न टेकवतात. फार वेळ टेकवली तर तांब्याचा पॅड उचकटून येतो.

वडील आता सकाळीच तेवढे येतात आणि बल्बांच्या पत्र्याजवळ खुर्ची टाकून बसतात. हल्ली त्यांच्याच सांगण्यावरून प्रत्येक कामात कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो : पट्टी किती मीटर, वॅट किती, सप्लाय कुठे, कुठली वायर कुठे गेली. उद्या आम्ही नसलो आणि दुसरा वायरमन आला, तरी त्याला छत ठोकत बसावं लागू नये.