तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच भोकातून करता का?

पित्ताच्या खड्यांचा सोनोग्राफी रिपोर्ट टेबलावर ठेवला की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि पेशंट लग्नाची मुलगी असेल तर तो तिची आई विचारते, "डॉक्टर, ते पित्ताशय काढायचं ऑपरेशन बेंबीतून एकाच भोकातून करतात म्हणे, तुम्ही करता का ओ?" म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

करतो, पण सगळ्यांचं नाही. नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण 4 भोकं, दोन 10 मिलीमीटरची, दोन 5ची. ते 'एक' भोक मात्र बेंबीत 2 ते अडीच सेंटीमीटरचं असतं, म्हणजे टोटल काप काही फार कमी होत नाही, फक्त बेंबीच्या वळीत लपतो. आणि कॅमेरा, दोन्ही हातांची हत्यारं सगळी तिथूनच, म्हणजे दोन्ही हात एकाच बांगडीत घालून भाकरी थापायची. नेहमी हत्यारं दोन बाजूंनी येतात म्हणून पित्ताशय नीट ताणून धरता येतं आणि त्याच्याकडे जाणारी नळी नि रक्तवाहिनी, दोनच गोष्टी, स्वच्छ दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही हा नियम पाळता येतो. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर पेशंटचे हाल वर्षानुवर्षं, मग डाग दिसतो की नाही हे कोण बघतंय?

ही आयडिया नवीन नाही बरं का. जर्मनीत एरिख म्यूहेनी 1985ला दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आपल्याकडं मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडियांनी 1990ला, आणि 1997ला इटलीत नवारांनी बेंबीतल्या एकाच जखमेतून करून दाखवलं, पित्ताशय वर धरायला त्यांनी चक्क पोटाच्या भिंतीतून टाके घातले होते. मग दहाएक वर्षं शांत, आणि नंतर कंपन्यांनी खास पोर्ट, म्हणजे हत्यारं आत घालायला भोकात बसवायच्या नळ्या, काढले तशी एकदम लाट आली. 2013ला एका ट्रायलचे वर्षभराचे निकाल आले, दिसायला एक भोक सरस पण कापाच्या जागी हर्निया 8.4 टक्के, 4 भोकांत 1.2. लाट ओसरली ती उगाच नाही.

पुढं काय? रोबो. दा विंची एसपी या एका भोकाच्या रोबोला अमेरिकेत 2018ला आधी युरॉलॉजीसाठी परवानगी मिळाली, एकाच नळीतून कॅमेरा आणि तीन हत्यारं, आणि ती आत गेल्यावर कोपरातून वाकतात, म्हणजे बांगडीची अडचणच संपली. हर्नियाचा प्रश्न तसाच, काप तेवढाच ना. आणि खर्च कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या हॉस्पिटलला झेपणारा नाही, पेशंटला तर नाहीच.

तोवर माझं असं की पेशंट बारीक, खडे साधे, सूज नाही, तर बेंबीतून सुरू करतो, अडलं की सरळ दुसरं भोक, आणि हे आधीच सांगून ठेवतो. साधं सुजलेलं अपेंडिक्स असेल तर मात्र बिनधास्त विचारा, तिथं बहुतेक वेळा हो म्हणीन.